महागातली रायफल

नववीत असताना शाळेने आम्हाला रायफल शूटिंगचं केंद्र बघायला नेलं. एका व्यापारी इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर ते होतं, पत्र्याखाली, उन्हाळ्यात भट्टीसारखं तापणारं. माझे पहिलेच पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील एवढ्या जागेत बसले. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी तो निशाण्याचा कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "उद्यापासून येत जा."

आमच्या घरात खेळाडू कुणीच नव्हतं. वडील, म्हणजे आण्णा, विजेच्या खात्यात लाईनमन. माळशिरसकडच्या गावातून नोकरीसाठी सोलापुरात आलेले. आई घरी शिवणकाम करायची. जुळे सोलापूर भागात दोन खोल्या होत्या आमच्या. पुढच्या खोलीत आईचं मशीन, आणि मशीनच्या बाजूच्या भिंतीला मी मिळवलेली जिल्ह्याची पदकं.

तीन वर्षं मी केंद्राची रायफल वापरली. ती चार मुलींत एक होती. प्रत्येकीने आपल्या मापाने खांद्याला टेकवायचा दस्ता पुढे-मागे करायचा, पुढचीने पुन्हा बदलायचा. राज्य स्पर्धेत माझ्या शेजारच्या मुली स्वतःच्या रायफली मऊ कापडाने पुसायच्या, तेव्हा मी उगाच जॅकेटचे पट्टे घट्ट करत बसायची. बारावी झाल्यावर आण्णाच एक दिवस म्हणाले, "आता तुला तुझी घेऊ."

पैसे होते ते आईच्या गुडघ्याचे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, घाई नाही पण फार लांबवू नका, असं. आईच म्हणाली, "आदी तिची बंदूक घ्या. माजा गुडगा कुटं पळून चाललाय?" आणि पुन्हा मशीनवर पाय चालवायला लागली.

सरांनी मला दोन रायफली सुचवल्या. एक आपल्याकडे बनलेली, दुसरी परदेशी, तिच्या तिप्पट किमतीची. मग मला एकटीला बाजूला घेऊन ते स्पष्ट बोलले. "तुझ्या आत्ताच्या स्कोअरला देशी पुरते. दोन वर्षं तिच्यावर मेहनत कर. स्कोअर वर गेला तर महागाची बघू. घरी तसंच सांग."

मी घरी तसं सांगितलं नाही. मुद्दाम ठरवून नव्हे. आज सांगू, उद्या सांगू असं म्हणत पुण्याला जायचा दिवस उजाडला.

आईही आली. तिने पुणं कधी बघितलेलं नव्हतं. दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं आणि जिना उभा होता. चार पायऱ्या चढून आई थांबली. "तुमी जावा, मी हितं बसते," म्हणाली आणि खालच्या चहावाल्याच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

दुकानदाराने दोन्ही रायफली काचेच्या टेबलावर ठेवल्या. देशी मी आधी उचलली. चांगली होती. आज खोटं कशाला बोलू, खरंच चांगली होती. मग दुसरी उचलली. तिच्या गालपट्टीवर गाल टेकवला तर मान कुठेही ओढली गेली नाही. चाप बोटाला लागतो न लागतो तोच सुटला. मी ती खाली ठेवायला उशीर केला, आणि तेवढं आण्णांनी बघितलं.

"सर काय म्हणत हुते? कुटली घ्यावी?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "सर म्हणाले, घ्यायची तर चांगलीच घ्या."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली आणि दुकानदाराला म्हणाले, "ही द्या."

खाली आलो तेव्हा आई त्याच बाकावर होती. लांब पेटी बघून तिने विचारलं, "मनासारखी मिळाली का?" मी हो म्हणाले. रेल्वेत मी पेटी मांडीवर आडवी धरून बसले होते. समोर आई पाय लांब करून झोपली होती. मला आनंद व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी आण्णा माझ्याबरोबर केंद्रावर आले. सरांसमोर पेटी उघडून म्हणाले, "तुमी सांगितली तशी घेतली." सरांनी माझ्याकडे बघितलं. "बरं केलंत," सर म्हणाले, आणि त्यावर कधीच काही बोलले नाहीत.

सुरुवातीचे सहा महिने स्कोअर वाढला. मग थांबला. केंद्राच्या रायफलीवर छर्रा भरकटला की म्हणता यायचं, दस्ता नीट बसला नाही. आता तसं म्हणायला जागा नव्हती. जे चुकायचं ते माझं चुकायचं. चाप ओढायच्या क्षणी मला गुडघा दिसायचा असं काही नाही, पण छर्रा दहाऐवजी नऊच्या वर्तुळात गेला की दिसायचा. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता थोडक्यात हुकली. पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी थोडक्यात नाही, चांगलीच हुकली. बारावीतल्या एका मुलीने देशी रायफल घेऊन माझ्यापुढे नंबर काढला. तिचं अभिनंदन मी केलं.

दरम्यान आईला मशीनवर पाय मारणं जमेना. ती साड्यांना फॉल लावायची हातची कामं घ्यायला लागली. पुन्हा पैसे जमले तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. साखर फार वाढलेली निघाली, हृदयाचं काम मंदावलेलं. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचा धोका घेता येणार नाही. तीन-चार वर्षांपूर्वी आला असता तर गोष्ट वेगळी होती. ते चिडून बोलले नाहीत. कागदांवर लिहिता लिहिता सहज बोलले.

आईला आत सलाईन लावलं होतं. बाहेर गाड्या लावायच्या जागेत मी आण्णांना सगळं सांगितलं. सर खरं काय म्हणाले होते ते, आणि मी दुकानात काय बोलले ते.

आण्णा गाडीच्या सीटवरची धूळ हाताने पुसत होते. म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"कसं?"

"आपन पुण्याला गेलो त्याच्या आदल्या दिवशी मी सरांना फोन केला हुता. देशी घ्या म्हणाले."

"मग तिथं का नाही बोललात?"

त्यांनी पुसलेल्या सीटवरून पुन्हा हात फिरवला. मग म्हणाले, "तू ती बंदूक खाली ठेवीना. मला वाटलं, पोरीला लई हाव हाय, म्हंजी जमवंल." आणि पुढे म्हणाले, "आईला काय बोलू नगंस. तिला काय बी म्हाईत न्हाय."

मी रडले नाही. मला रागच आला, त्यांनी मला अडवलं नाही म्हणून. तो राग अन्यायाचा होता हे मला तेव्हाही कळत होतं, तरी तो पुष्कळ दिवस टिकला.

त्या वर्षी मी शूटिंग सोडलं. रायफल भवानी पेठेतल्या एका मुलीला दिली, सरांच्याच ओळखीने. आण्णा ती पोचवायला आले नाहीत. मी आता एका पतसंस्थेत काम करते. आई घरातल्या घरात भिंतीला धरून फिरते, बाहेर पडत नाही.

मागे एकदा टीव्हीवर कुठल्याशा स्पर्धेतलं शूटिंग लागलं होतं. आईने आवाज वाढवायला सांगितला आणि मन लावून बघत बसली. मग मला म्हणाली, "आपली असलीच हुती की न्हाय?"

"असलीच होती," मी म्हणाले.

आण्णा उठून आत गेले. आत नळ सोडल्याचा आवाज आला. आई अखेरपर्यंत बघत राहिली, आणि कोण जिंकलं ते मला विचारत राहिली.