नाडकर्णींचं ईशान्येचं सिंक

बिल्डिंगमध्ये एखादा पाइप गळायला लागला की आधी पाणी साचतं आणि मग किस्से. पाणी निदान पुसून टाकता येतं! खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर मी, माझ्या वर नाडकर्णी आणि त्यांच्या वर म्हात्रेकाकू. गळती नाडकर्णींची, भोगणारी मी आणि मजा बघणारी सगळी सोसायटी.

* * *

सुरुवात केली एका वास्तुतज्ज्ञाने. "किचन सिंक ईशान्येला घ्या, लक्ष्मी येईल," असं सांगून तो गेला आणि नाडकर्णींनी फरशी फोडली. सिंक ईशान्येच्या कोपऱ्यात गेलं, पण पाणी बाहेर जायची जागा जुनीच. म्हणून सिंकखालचा पाइप फरशीखालून तिथपर्यंत नेला, तोही किंचित चढावर.

सुनील प्लंबर म्हणाला, "सायेब, पानी वर चढनार नाय."

नाडकर्णी म्हणाले, "दिशा बरोबर असली की चढतं!"

पाणी काही चढलं नाही. जॉइंटमधून झिरपत ते खाली आलं, बरोब्बर माझ्या गॅसवर.

* * *

मी वर गेले. नाडकर्णींनी सिंकखालचं दार उघडून मलाच वाकायला लावलं.

"बघा वहिनी, हात लावून बघा. कोरडं ठाक! गळतंय तुमच्याकडे, मग प्लंबर मी का बोलवू?"

निघताना त्यांच्या मिसेस हळूच म्हणाल्या, "तज्ज्ञांनी सांगितलंय हो, ईशान्येला वर्षभर हातोडा लावायचा नाही." माझ्या आमटीची दिशा कुणीच विचारली नव्हती.

* * *

मग सोसायटीच्या ग्रुपवर मी थेंबाचा व्हिडिओ टाकला. एकाने त्याखाली गुलाबाचं फूल आणि "सुप्रभात" टाकलं. सेक्रेटरींनी हात जोडले. नाडकर्णींनी अंगठा दाखवला, अगदी पिवळाधमक!

* * *

शेवटी आमच्या यांनी सुनीलला आमच्याच घरी बोलावलं. "पाच मिन्टात आलो" म्हणाला आणि दोन दिवसांनी उगवला. छताकडे बराच वेळ बघून त्याने तिथे चिकटपट्टीने प्लॅस्टिकची पिशवी लावली.

"आता गळनार नाय, वयनी."

खरंच नाही गळलं. साचत राहिलं! दुसऱ्या दिवशी हे चहा गाळत असताना ती पिशवी यांच्या डोक्यावर फुटली. सुनीलला फोन केला तर म्हणतो, "पिशवी पातळ निघाली."

* * *

दिवाळीच्या चकल्या मी ओट्यावर छत्री बांधून तळायला घेतल्या. छत्री सरकली, थेंब तापलेल्या तेलात पडला आणि माझं मनगट भाजलं. त्या दिवशी मात्र मला खरंच रडू आलं. मग डोळे पुसले, यांच्या प्रमोशनचे पेढे आणले होते ते घेतले आणि वर गेले.

"भाऊजी, तोंड गोड करा! यांचं प्रमोशन झालं. तुमचं पाणी आमच्या ईशान्येला पडायला लागलं आणि नशीबच फळफळलं हो. आता तो पाइप दुरुस्त करू नका हं!"

नाडकर्णींचा पेढा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वर हातोडा सुरू! संध्याकाळी नाडकर्णी जन्मात पहिल्यांदा आमचं छत बघायला आले. "आता काही येत नाही ना तुमच्याकडे?"

"काही नाही."

"नक्की?"

"एक थेंबसुद्धा नाही, भाऊजी." ते समाधानाने गेले.

आठवड्याने म्हात्रेकाकू जिन्यात भेटल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वयनी, त्या नाडकर्णीचं डोकं बरं हाय ना? काल आमच्याकडं आला, सिंकखाली वाकून बघितलं नि म्हनतो, काकू, तुमचा पाइप कधी गळला तर दुरुस्तीची घाई करू नका. आमची काय हरकत नाय!"