अक्काच्या भिंतीवरची डबी

मी ज्वारीला पाणी देत होतो. शेजारची सखू बांधावरूनच बोलली, "आबा, अक्का दार उघडंना. आत शेळी लई वरडतीया." त्याला आता दीड महिना झाला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण थोरल्या बहिणीबद्दल दुसऱ्यानं लिहिलेलं मला चाललं नसतं.

अक्का नवऱ्यामागं बेलापूरजवळच्या आमच्या गावात, आमच्याच गल्लीत एकटी राहायची. रोज सकाळी मी तिच्या उंबऱ्यावर काठी आपटायची आणि आतून तिनं म्हणायचं, "हाय रे, मेले न्हाई अजून. चहा पिऊन जा." किती वर्षं, मोजलं नाही.

मग तिच्या घरी फोन बसला आणि मागोमाग पुण्याहून तिचा पोरगा सुधाकर एक डबी घेऊन आला. तो विजेच्या यंत्रांच्या कंपनीत साहेब. डबी भिंतीवर ठोकली. समोरून माणूस गेलं की तिच्यात लाल दिवा लागायचा. हात लावायचा नाही, बटण दाबायचं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत घरात कोणी हाललं नाही, तर आपोआप पुण्याला फोन जाणार. सुधाकर म्हणाला, "मामा, आता तुम्हाला रोज यायचा त्रास नको."

त्रास... हा शब्द मला लागला. दुसऱ्या दिवसापासून मी काठी आपटली नाही. आठ दिवसांनी अक्कानं सखूकडून विचारलं, "काठी मोडली का त्याची?" मी निरोप धाडला, "डबीला विचार म्हणावं." आमचं शेवटचं बोलणं ते. तेही दुसऱ्याच्या तोंडून.

आणि शेळी. थंडीत अक्का तिला घरात घ्यायची. सुधाकरला ते खपायचं नाही, म्हणून तो यायचा म्हटलं की शेळी माझ्या गोठ्यात यायची. डबी ठोकली त्या दिवशीही ती माझ्याकडंच होती.

आम्ही दार फोडलं तेव्हा अक्का चुलीपाशी पडलेली, श्वास चालू होता. शेळी दाव्याला ओढ देत डबीसमोर नाचत होती आणि वर लाल दिवा लागत होता, विझत होता. पुण्याला फोन गेलाच नव्हता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "कालच आणायला हवं होतं." संध्याकाळी ती गेली.

दहाव्याला सुधाकरनं विचारलं, "मामा, शेळी घरात असते हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"तू काय विचारलंस आमाला?" मी म्हणालो. मी जिंकलो म्हणायचं.

घराची किल्ली माझ्याकडं आहे. सुधाकरनं फोन काढून टाकला, डबी काढायला त्याचा हात धजला नाही. रोज सकाळी दिवाबत्तीला जातो. आत पाऊल टाकलं की लाल दिवा लागतो. मी हालतो आहे एवढं त्या डबीला कळतं. पण कुलूप काढायच्या आधी मी उंबऱ्यावर काठी आपटतो, आणि चहा व्हायला लागेल इतका वेळ बाहेर थांबतो...