अण्णाच्या भट्टीतल्या पुंगळ्या

अण्णा गेल्याची बातमी मला सुकुमारनं दिली. ज्याच्यामुळं माझा भाऊ गेला त्याच्याच तोंडून ती ऐकावी लागली, याचा राग अजून आहे आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही. "आक्का, कारखान्यात मूस फुटली. वितळलेलं पितळ अंगावर उडालं... अण्णा न्हाय ओ राहिला," एवढं बोलून तो फोनवर ढसाढसा रडला. सुकुमार आमचा मावसभाऊ आणि उद्यमनगरातल्या अण्णाच्या ओतकामाच्या कारखान्यात भागीदार. अण्णा भट्टी सांभाळायचा, सुकुमार भंगार आणायचा. त्याच्याबरोबर मीही रडले. त्या रडण्याची आता किळस येते.

गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं अशी रीत आहे, पण अण्णा गोड नव्हता. आमटी अळणी झाली तर गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्याचा नेम, त्यामुळं संध्याकाळ होत आली की भुकेनं त्याचा आवाज चढायला लागे. "पावणं, घाई असली तर दुसरीकडं जावा की," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, आणि तेच गिऱ्हाईक चहा पिऊन, काम देऊन जायचं. पंपाचे बुश, नळाच्या तोट्या, देवळातल्या घंटा... लोकांच्या घरातली चेपलेली भांडी त्याच्या मुशीत जात आणि नवी होऊन बाहेर येत. त्याच्या घंटेचा आवाज मला अजून ओळखू येतो.

दोन वर्षांपूर्वी मी त्याचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा सुकुमारनं स्वस्तात मिळालेलं एक पोतं आणून ओतलं. आत बंदुकीच्या झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या होत्या. अण्णानं एक उचलली आणि तिथंच त्याचा पारा चढला. "गोळी कशाची असतीया ठावं हाय न्हवं? टोकाला शिसं, त्यावर तांब्याचा पातळ पत्रा, मागं ही पितळंची पुंगळी, आन् आत दारू. शिसं, तांबं, पितळ... समदं आपल्याच धंद्यातलं. पर जीव घेतलेलं पितळ वितळवून मी देवळाची घंटा ओतू व्हय?"

"वितळलं की पितळ ते पितळच की, अण्णा," सुकुमार म्हणाला.

"आन् त्यात एखादी न झाडलेली निघाली तर? भट्टीत गेली की उडंल, आन् मूस अंगावर ईल." असं म्हणून त्यानं पोतं उचलून रस्त्यावर भिरकावलं. हे सगळं सुकुमारनं ऐकलं होतं. त्याला माहीत नव्हतं असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आम्हा जैनांत पर्वाचे दिवस संपले की क्षमावाणी असते. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याच्यापुढं हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं, आणि समोरच्यानंही तेच म्हणून मन मोकळं करायचं. त्या वर्षी सुकुमार आला, अण्णाच्या पायाशी वाकला, "परत न्हाय आणणार" म्हणाला. अण्णानं त्याला पोटाशी धरलं. त्या दिवसापासून सुकुमारनं आणलेलं पोतं उघडून बघणं त्यानं बंद केलं. "अरे, बघत जा," मी म्हटलं तर माझ्यावरच खेकसला, "क्षमा केली म्हंजे केली. वर पोतं उसकटून बघितलं तर ती कसली क्षमा?" असली चूक आमच्यातलाच माणूस करू जाणे.

अपघाताच्या दिवशी दवाखान्यातून मी कारखान्याच्या किल्ल्या आणायला गेले. अण्णाचा देह अजून ताब्यात मिळाला नव्हता, आणि इकडं सुकुमार टेम्पोत पोती भरत होता. एक पोतं फाटलेलं होतं. वरची भांडी सरकली आणि खालून पुंगळ्या घरंगळल्या. मी खाली बसून चाळल्या. काहींच्या टोकाला तांब्याच्या पत्र्यातलं शिसं तसंच होतं, म्हणजे त्या झाडलेल्याच नव्हत्या... पेपरवाले ज्याला जिवंत काडतूस म्हणतात, तीच ही वस्तू. मूठभर उचलल्या आणि तशाच पोलीस ठाण्यात नेऊन दिल्या. सुकुमारचं रडणं मात्र थांबलं होतं.

मग भावकीची समजावणी सुरू झाली. जाणारा गेला, घरातलं घरात मिटवा, पोत्याचं जबाबात सांगू नका. काडतुसं ठाण्यात होती, पण ती सुकुमारच्या पोत्यातून निघताना पाहिलेली मी एकटीच, त्यामुळं माझं तोंड बंद झालं की तो सुटणार होता. परवा क्षमावाणीलाच दुपारी जबाबाला बोलावलं होतं, आणि सकाळी हा अण्णाच्या दारात हजर, येऊन माझ्या पायाशीच बसला.

"उत्तम क्षमा, आक्का. चुकलो. पोत्याचं तेवढं..."

वहिनी उंबऱ्यात उभी होती. घरातले सगळे माझ्या ओठांकडं बघत होते.

"अण्णानं तुला एकदा दिलती," मी म्हटलं. "तिच्याच आडोशाला तू पोती भरलीस. ऊठ."

तो उठेना. शेवटी वहिनीच बोलली, "वन्सं, उशीर व्हायला लागलाय. जावा तुम्ही."

आतल्या खोलीत खुंटीवर अण्णाचा भट्टीवरचा जुना एप्रन अजून तसाच आहे, ठिणग्यांनी भोकं पडलेला. क्षमावाणीच्या दिवशी कुणाची तरी क्षमा मागायलाच हवी. मी त्या एप्रनपुढं हात जोडले.

"उत्तम क्षमा, अण्णा. मी ह्याला सोडणार न्हाय."

मग चपला घातल्या आणि जबाब द्यायला गेले.