मांडीतली चूल

पिशवी काढली की बाईने जन्मात जड उचलायचं नाही, हा आमच्या घराण्याचा कायदा. डॉक्टरांनी सांगितलं होतं काही आठवड्यांचं. घरच्यांनी ते आयुष्यभराचं करून टाकलं. माझी पिशवी गेली, अंडाशयंही गेली, आणि तेव्हापासून आमच्या ह्यांनी मला पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. इथे तेलुगू मुलखात, तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये मी वर्षानुवर्षं पाहुणीसारखी राहिले. प्रेमच होतं ते, नाही कसं म्हणू? पण त्या प्रेमाने माझ्या मांड्यांची पार वाट लावली. जमिनीवर बसले की उठवायला माणूस लागायचा.

मग लेकीला दिवस गेले. बाळंतपणाला इकडेच येणार, हे ठरलेलंच. फोनवर लाडात येऊन म्हणाली, "आई, बाळाला न्हाऊ तूच घालायचं हं. पायांवर घेऊन." मी हो म्हटलं आणि फोन ठेवून रडले. पाटावर पाय लांब करून बसेन, बाळ पायांवर घेईन, पण उठणार कशी?

"मालिशवाली लावू की," हे म्हणाले.

"लावा! आणि आजीही एखादी भाड्याने आणा," मी फणकारले.

लेक पुण्यात शरीरशास्त्र शिकवते. पुढच्या महिन्यात भेटायला आली ती माझ्यावरच घसरली. "व्यायाम कर!"

"माझ्यात आता काय उरलंय, बाई? हार्मोन्सचे कारखाने तर कापून टाकले."

"सगळे नाही," ती म्हणाली. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी कच्चा माल अजून रक्तात सोडतात म्हणे. स्नायू तो घेतो आणि त्यातून थोडे बायकी, थोडे पुरुषी हार्मोन्स स्वतःपुरते बनवतो. व्यायामाने हे काम वाढू शकतं. उंदरांमध्ये आणि काही वयस्कर माणसांत तसं दिसलंय.

"म्हणजे मांडीत स्वतःची चूल?"

"हो, पण वाटीभर भात शिजेल एवढीच. अंगातून वाफा निघतात त्या त्याने थांबतील, ही आशा धरू नकोस. आणि ताकद काही फक्त हार्मोन्सनी येत नाही. पण मांडीला काम दिल्याशिवाय काहीच व्हायचं नाही."

इतकी वर्षं मला वाटायचं, आपण आता नुसत्या उरलोय. आणि ही पोरगी सांगत होती की आत अजून काहीतरी चाललंय. मला इतका आनंद झाला की लगेच परत चहा टाकला.

डॉक्टरीणबाईंनी तपासून परवानगी दिली. कॉलनीत एक तेलुगू फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे, ती शिकवू लागली. आधी खुर्चीवरून उठबस, मग पायरी, मग दिलसुखनगरच्या बाजारातून आणलेली डंबेल्स. "मेल्लगा अम्मा, मेल्लगा," हळू घ्या म्हणून ती ओरडायची. मला मेलीला घाई. शेजारच्या खाला दारातून विचारायच्या, "कैकू इत्ती परेशानी?"

"बच्चे कू उठाने कू!" मी धापा टाकत सांगायचे.

हे मात्र तोंड पाडून बसलेले. "टाके उसवतील गं."

"इतक्या वर्षांनी? अहो, ते कधीच विरघळले!"

आठवा महिना लागला तेव्हा मी एकदा तांदळाची थैली छातीशी धरून जमिनीवरून उठायला गेले आणि धपकन मागे बसले. थैली फुटली, घरभर तांदूळ. त्या दिवशी मी हरले होते, खरंच सांगते. तांदूळ वेचता वेचता ह्यांना म्हटलं, "बघा मालिशवाली." सकाळी मात्र ह्यांनी स्वतःच नवी थैली भरून, तोंड घट्ट शिवून माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "आज थोडे कमी भरलेत."

नात झाली. तिच्या पहिल्या न्हाण्याच्या दिवशी लेक दाराशी पंचा घेऊन उभी, हे माझ्या पाठीशी हात पसरून. तेल, कोमट पाणी, रडण्याचा नुसता दणका! न्हाऊन झालं, मी तिला कोरडी केली, दुपट्यात गुंडाळली, छातीशी घेतली.

"दे आई, तू आधी ऊठ," लेक म्हणाली.

"थांब." एक गुडघा टेकला, दुसरा पाय रोवला. मांड्या थरथरल्या. ह्यांचे हात जवळ आले, पण त्यांनी मला धरलं नाही.

मी उठले. नातीसकट.

लेकीने रडत हात पुढे केले. मी बाळ तिला लगेच दिलं नाही. जरा वेळ तशीच उभी राहिले.