शालनची ओ

शालनच्या मुलाला मी गेल्या वर्षी खोटं सांगितलं.

आज तिचं वर्षश्राद्ध झालं. सगळ्यांसमोर त्याने मला साडी-चोळी दिली. "मॅडममुळं आय सुटली," म्हणाला.

ती साडी मला पिशवीतून बाहेर काढवेना. म्हणून खरं लिहिते.

आधी एक गोष्ट. नऊवारीतली शालन रॉक शोमध्ये डोलते आहे, असे व्हिडिओ ज्यांनी हसरे चेहरे लावून पुढे पाठवले, त्यांनी ह्या पोस्टखाली आर.आय.पी. लिहू नये. नावं लक्षात आहेत माझ्या.

रिटायर झाल्यावर मी भरे गावात घर बांधलं. कुंपणापलीकडे शालनचं भाताचं शेत.

कापणी झाल्यावर ते शेत तीन दिवस म्युझिक फेस्टिवलला भाड्याने दिलं गेलं. बांध कोणी तुडवतंय का, हे बघायला शालन तिथे गेली.

आणि तो गाताना दिसला. केस वाढवलेला, गिटारवाला. त्याचं नाव लिहिणार नाही. त्याची जाहिरात करायचा मक्ता मी घेतलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. "बाई, त्यो विंग्रजीत काय म्हनतोय ते सांगा की."

मी यूट्यूबवर शोधून अर्थ सांगितला. गाण्यातला माणूस कोणालातरी हाक मारतोय. तीनदा. मग सगळी वाद्यं थांबतात. शांतता. मग पुन्हा सुरू.

"म्हंजी कोन ओ देतच न्हाई?"

"नाही."

"ह्ये काय बरं न्हाई बाई."

पुढच्या शोला, नाशिकला, तिने ओ दिली.

ह्या बांधावरून त्या बांधावर देतात तशी. लांब, उंच, शेवटी वर उचललेली. सगळं मैदान वळून बघायला लागलं म्हणे. त्यानेही पाहिलं.

मग कोल्हापूर, पणजी, बेंगळुरू. एसटी, जनरलचा डबा, फडक्यात भाकरी. स्टेजच्या डाव्या बाजूला, कठड्याला टेकून उभी राहायची. चार वर्षांत असं झालं, की त्या शांततेत तो डावीकडे वळून थांबायचा. ओ आल्याशिवाय पुढे जायचाच नाही.

मुलगा दत्ता वैतागायचा. "आय, लोक हसत्यात."

"हसू दे. त्यो थांबलेला असतोय."

गेल्या वर्षी तो पुन्हा भऱ्याला येणार होता. तिच्याच शेतात. तीन आठवडे उरले होते, आणि शालन खळ्यावर भात झोडता झोडता खाली बसली ती उठलीच नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना.

मला ह्या प्रकारांचा तिटकारा आहे, हे माझ्या ओळखीच्या सर्वांना माहीत आहे. पण मी तिथे होते. समोर झाडावर सात-आठ कावळे, सगळे गप्प. दत्ता म्हणाला, जमीन विकणार नाही. कावळा हलला नाही. सुनेने नातीच्या शिक्षणाचा शब्द दिला. नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले.

इतकी वर्षं एका घरात राहून त्या बाईचा जीव कशात आहे हे कोणाला कळू नये, ह्याचा मला संताप आला. मी नदीकाठच्या चिखलात पुढे गेले.

"शालन, तुझ्या जागी मी उभी राहीन. ओ मी देईन."

हात जोडायच्या आत कावळा खाली आला.

भूक लागली असेल त्याला, असं मी वर्षभर स्वतःला सांगते आहे.

शोला गेले. अडुसष्टाव्या वर्षी, मफलर गुंडाळून, डावीकडच्या कठड्याला टेकून. आजूबाजूच्या आयटीतल्या मुलींनी मला "आंटी, पाणी?" विचारलं. दिवस मावळत होता. ते गाणं आलं.

पहिली हाक. दुसरी. तिसरी.

वाद्यं थांबली. तो डावीकडे वळला.

मी तोंड उघडलं.

शाळेत आवाज चढला की सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या. साठ वर्षांनी त्या मैदानात मला तीच पट्टी दिसली. घशातून हवासुद्धा निघाली नाही.

तो थांबलेलाच.

आणि ओ आली.

लांब, उंच, शेवटी वर उचललेली. मागून नाही, लांबून नाही. माझ्या डाव्या कोपराजवळून. तिथे कठडा संपत होता आणि पुढे फक्त कापलेल्या भाताचे बुडखे होते.

त्याने मान हलवली, नेहमीसारखी, आणि गाणं पुढे नेलं. मुली माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागल्या.

सकाळी दत्ता दारात उभा. त्याने घराच्या ओट्यावरून ऐकलं होतं. रात्रभर झोपलेला नव्हता.

"मॅडम, ती ओ तुमीच दिली ना?"

त्याचा चेहरा बघून मी हो म्हटलं.

तो पायरीवर खालीच बसला. "मंग आय गेली."

"गेली," मी म्हटलं.

दत्ता, ती ओ माझी नव्हती. मी शब्द पाळला नाही, म्हणून तिला स्वतः यावं लागलं. रागवायचं तर माझ्यावर रागाव. साडी मी परत करणार नाही, पण नेसणार आहे ती तीन आठवड्यांनी. तो पुन्हा येतो आहे.

महिनाभर रोज सकाळी मी तुमच्या बांधावर उभी राहून ओ देते आहे. पहिल्या दिवशी फक्त खोकला आला. मग कुत्री भुंकली. आता बरी जमते.

परवापासून पलीकडून उलट ओ येते. माझ्यापेक्षा जरा वरच्या पट्टीत, शेवट नीट उचललेला.

चूक दाखवून दिल्यासारखी.

कळलं गं, शालन. शेवटी वर.

यंदा मी देते. तू येऊ नकोस. दमली असशील.

नीज आता.