आतोबा आणि प्लगची वायर

वस्तूंना इतकं जपणारा आणि माणसांना इतकं ताटकळत ठेवणारा गृहस्थ अख्ख्या चिंचवडात दुसरा नव्हता. हे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाची जुनी मोटार त्यांनी घेतली होती. पिंपरीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. त्यांतल्याच एकात मी नुकता लागलो होतो आणि आत्याकडे राहत होतो. गाडी कुणी पळवू नये म्हणून आतोबा रोज संध्याकाळी तिच्या स्पार्क प्लगच्या वायरी काढून घरात आणत. पण काढण्याचा थाट काय वर्णावा! आधी इंजिन पुरतं निवू द्यायचं. तोवर चहासुद्धा नाही. मग वायरीला हात न लावता टोकाची रबरी टोपी धरायची, डावी-उजवीकडे हलकेच फिरवायची आणि सैल झाली की सरळ उचलायची. "वायर ओढली की आतली तार तुटते, आणि वरून कळत नाही," ते बजावत. शेजारच्या मास्तरांनी एकदा मदत म्हणून वायर ओढली, तर आतोबांनी थेट दिवाळीपर्यंत त्यांच्याशी अबोला धरला. वायरी आत्याच्या मऊ जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवत. "मला कधी इतकं हळू धरलं नाही कुणी," आत्या म्हणायची. आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

एका सकाळी चाकणहून आमचा गडी सायकल दामटत आला. "दादांचं लई बिघाडलंय. ताईंनी आत्ताच्या आत्ता निघावं." दादा म्हणजे माझे वडील, आत्याचा धाकटा भाऊ. आम्ही तिघं गाडीत बसलो. मोशीच्या पुढे इंजिन धापा टाकू लागलं आणि थांबलं. आतोबांनी झाकण उघडलं. "एक प्लग काजळलाय. साफ केला की झालं."

"मग करा की!"

"इंजिन तापलंय. रबर चिकटलेलं असतं. आत्ता ओढलं तर फाटेल."

"फाटू द्या हो! भाऊ आहे तो माझा!"

"फाटलं तर इथंच बसावं लागेल, अगं," आतोबा म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून इंजिनाला वारा घालू लागले.

कांद्याचा एक रिकामा ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "बसा आक्का, चाकणला सोडतो. इथं किती येळ उभ्या ऱ्हाणार?" आत्याने पाय उचलला, तोच आतोबा म्हणाले, "कशाला? झालंच एवढ्यात." आत्या थांबली. जन्मभर त्यांचं ऐकायची सवय. मीही गप्प उभा होतो. ट्रक गेला.

वायर अगदी अलगद निघाली. गाडी नंतर सुरेख पळाली. आम्ही पोचलो तेव्हा दादांना अंगणात आणून ठेवलं होतं.

आत्या त्या गाडीत पुन्हा बसली नाही. भांडलीही नाही, जेवायला वाढायची, एवढंच. मी मात्र आतोबांशी बोलणं टाकलं आणि खोली घेऊन काळेवाडीला राहायला गेलो.

वर्षश्राद्धाला आतोबा चाकणला सायकलवर आले, घामाने निथळत. पंगत उठल्यावर ते आईजवळ जाऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "वहिनी, शेवटी त्यांनी... विचारलं होतं का आमचं?"

"नाही हो," आई म्हणाली. "पहाटेपासूनच शुद्ध नव्हती त्यांना."

आतोबांनी मान हलवली. पाणी मागून घेतलं, प्यायले आणि ऊन उतरायच्या आत निघाले.

दादा शेवटच्या श्वासापर्यंत शुद्धीवर होते. दाराकडे बघत 'ताई आली का?' एवढंच विचारत होते. आत्याला ते ठाऊक होतं, मलाही. आतोबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. पण त्यांना ते आम्ही कुणीच कधी सांगितलं नाही.