रक्तगटाची ओळ

आभाराची मेल कशी लिहावी हे सांगणारी निदान वीस पानं मी त्या दिवशी इंटरनेटवर वाचली असतील. सगळीकडे तोच उपदेश: चोवीस तासांच्या आत पाठवा, थोडक्यात लिहा, मनापासून लिहा. मनापासून म्हणजे नेमकं काय, ते एकाही शहाण्याने सांगितलं नव्हतं.

हिंजवडीतल्या एका कंपनीत अकरा वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केल्यावर एका सोमवारी मला दहा मिनिटांत घरी पाठवलं होतं. त्याला पाच महिने झाले होते. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने ओळख काढली आणि दुसऱ्या कंपनीतल्या एका विभागप्रमुख बाईंनी मला वीस मिनिटं दिली. त्या वीस मिनिटांसाठी मी वाघोलीहून हिंजवडीला, म्हणजे पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, बस बदलत अडीच तास गेले.

बाईंनी कॅन्टीनमध्ये स्वतःपुरता चहा घेतला आणि "बोला" म्हणाल्या. मी बोलले. शिक्षण, अनुभव, सगळं रटाळ. बाई घड्याळाकडे बघायला लागल्या तेव्हा घाबरून मी रक्तगटाचं सांगितलं. आम्ही रुग्णालयासाठी एक सॉफ्टवेअर करत होतो. त्यात एकाच नावाचे दोन रुग्ण असले, तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावापुढे दिसायचा. तीन जणांच्या तपासणीतून ते सुटलं होतं. मी पकडलं आणि साहेबांशी भांडून ते सॉफ्टवेअर रुग्णालयात सुरू होण्याच्या आदल्या दिवशी थांबवलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "अहो, हे आधी नाही का सांगायचं? माझ्याकडे एक जागा आहे. उद्या दुपारी एकला मला नावं वर कळवायची आहेत. आपण मेल टाका, मी तीच पुढे पाठवते."

इतकं सोपं होतं. आणि मी ते घालवलं.

संध्याकाळी घरी येऊन लिहायला बसले. बाईंचा बहुमोल वेळ, बाईंचं मार्गदर्शन, बाईंचा दांडगा अनुभव. रक्तगटाची ओळ चारदा लिहिली आणि चारदा खोडली. आभार मानता मानता आपलंच घोडं पुढे दामटायचं, हे बरं दिसेल का? आमच्या घरात स्वतःची फुशारकी म्हणजे पाप. वडील यवतमाळकडे तहसील कचेरीत कारकून होते. "काम बोलते, आपण बोलायचं नाही," हे त्यांचं वाक्य ऐकत मी वाढले. शेवटी नुसत्या आभारांची, गुळगुळीत, इंग्रजी मेल पाठवली आणि वर स्वतःवर खूशही झाले.

सकाळी दहाला उत्तर आलं, मराठीत. "आभार पोचले. रक्तगटाचा प्रसंग कुठे आहे? आपले आभार वर पाठवून साहेबांना काय करायचंय?"

मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले. वडील आता माझ्याकडेच राहतात. ते समोर पेपर वाचत होते.

"काहून अशी बसली?" त्यांनी विचारलं.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा चढवून बाईंचं उत्तर वाचलं आणि माझी मेल दोनदा वाचली.

"भाषा चांगली हाये," ते म्हणाले. "पण अर्जदारानं काय केलं ते कुठं हाये यात?"

मला असा राग आला! "तुम्हीच शिकवलं ना बाबा, आपण बोलायचं नाही म्हणून?"

मला आमची ओसरी आठवली. कचेरी सुटल्यावर अख्खी वस्ती तिथे अर्ज लिहून घ्यायला यायची. शिष्यवृत्तीचे, बदलीचे, घरकुलाचे. वडील माणसाला खोदून खोदून विचारायचे, तू काय केलं, कधी केलं, कोणासमोर केलं, आणि पहिल्याच परिच्छेदात ते ठणकावून मांडायचे. वर दरडावायचे, "पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही." त्यांनी लिहिलेला अर्ज सहसा परत येत नसे.

"'मी केलं' म्हणून लिहायचं, ते लोकांच्या अर्जाचं होतं," वडील हळूच म्हणाले. "घरी मी वेगळं शिकवलं. स्वतःचा अर्ज मला कधी लिहिताच आला नाही."

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, एकपर्यंत वेळ होता. दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? मला जवळजवळ तीन तास लागले. 'मी पकडलं' लिहिलं की लाज वाटायची, म्हणून 'आमच्या गटाने पकडलं' करायचे. तेही खोटं, कारण गट तर माझ्यावर चिडला होता. मग पुन्हा 'मी'. मग वाटायचं, बाईंना गर्विष्ठ वाटेन. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते असं, शांतपणे, खुर्चीत बसून. एक वाजून दहा मिनिटांनी मी मेल पाठवली. पहिल्याच ओळीत 'मी' होतं.

दीडला उत्तर आलं. "आता कळलं. पण नावं एकला गेली. दुसरी जागा निघाली तर बघू."

मी फोन टेबलावर आपटला. बाईंचं काही चुकलं नव्हतं, हेच जास्त झोंबत होतं. शिव्या तरी कोणाला घालायच्या?

"काय आलं?" वडिलांनी विचारलं.

"पोच आली, बाबा. जागा गेली."

ते उठले, मला पाणी आणून दिलं आणि शेजारी बसले. मग म्हणाले, "ते रक्तगटाचं काय होतं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना माहीतच नव्हतं. अकरा वर्षांत मी घरीसुद्धा ते कधी सांगितलं नव्हतं.